बारमाही उत्पन्नाचा प्रकल्प : लग्नाच्या चित्रीकरणाच्या व्यवसायातील एका वर्षाच्या नोंदी

२४ जून २०२४

हंगामातले शेवटचे लग्न चित्रित करून झाले असून पुढची मोठी तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर आहे. मधल्या काळात स्टुडिओचे भाडे, सहायकाचा पगार, सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क, उपकरणांचा विमा आणि घरखर्च यांपैकी काहीही थांबत नाही. आजवर हा काळ मागच्या हंगामाच्या शिल्लकीवर काढला जात असे. या वर्षी मात्र तो एक प्रकल्प म्हणून हाती घेतला आहे: लग्नांची संख्या न वाढवता, पुढील बारा महिन्यांतील प्रत्येक महिन्यात निदान स्थिर खर्च भागेल एवढी आवक उभी करायची.

लग्ने वाढवायची नाहीत हे आधीच का ठरवले, तेही नोंदवून ठेवते. लग्नाच्या तारखा ठरावीक महिन्यांत आणि त्यातही ठरावीक दिवशी एकवटतात, आणि एका दिवशी एकाच ठिकाणी मनापासून काम करता येते. दुसरे पथक उभे केले तर भरलेले महिने अधिक भरतील, रिकामे महिने तसेच रिकामे राहतील आणि संकलनाचा ढीग एवढा वाढेल की चित्रपट हातात मिळण्याची वाट पाहणारी जोडपी पुढच्या वर्षी आपले नाव कोणाला सुचवणार नाहीत.

पहिले काम म्हणून मागच्या वर्षाची वही दोन स्तंभांत मांडली. एका स्तंभात काम कोणत्या महिन्यात झाले ते, आणि दुसऱ्यात त्या कामाचे पैसे कोणत्या महिन्यात आले ते. मांडणी पूर्ण होताच एक गोष्ट ठळकपणे दिसली. जुलै ते ऑक्टोबर हे महिने कामाच्या दृष्टीने रिकामे नाहीतच. संकलन, रंगसंस्कार, ध्वनीची जुळवणी आणि दुरुस्त्या यांचे बरेचसे काम त्याच महिन्यांत होते. परंतु त्या कामाचे पैसे आगाऊ रकमेच्या रूपाने हंगामातच येऊन खर्चही झालेले असतात. म्हणजे प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला भाग पैसा केव्हा येतो याचा आहे आणि तो करारानेच सोडवता येईल. दुसरा भाग खरोखर नव्या कामाचा आहे आणि त्याला वर्ष लागेल.

२ जुलै २०२४

कराराचा नवा मसुदा तयार झाला. आतापर्यंत अर्धी रक्कम तारीख राखून ठेवताना आणि उरलेली लग्नाच्या दिवशी, अशी पद्धत होती. आता चार हप्ते ठेवले आहेत: तारीख राखताना २५ टक्के, लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ३५ टक्के, छोटी झलक दिल्यावर २० टक्के आणि पूर्ण चित्रपट सुपूर्द करताना उरलेले २० टक्के. शेवटचे दोन हप्ते आपोआप हंगामानंतरच्या महिन्यांत जाऊन पडतात.

यातला धोका उघड आहे. शेवटचा हप्ता चित्रपटाच्या पूर्ततेशी बांधला की पूर्तता लांबणे म्हणजे पैसा लांबणे, आणि पूर्तता बहुतेक वेळा कुटुंबाकडूनच लांबते, कारण गाणी निवडणे, पाहुण्यांच्या नावांची यादी देणे, दुरुस्त्या कळवणे या गोष्टी लग्नानंतरच्या धावपळीत मागे पडतात. म्हणून दोन कलमे जोडली. झलक मिळाल्यापासून चार आठवड्यांत निवड कळवली गेली नाही तर संगीत आणि क्रम संकलक ठरवील. आणि मूळ दरात दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरलेल्या असतील, त्यापुढील प्रत्येक फेरीचे वेगळे शुल्क लागेल. ही कलमे कठोर वाटू नयेत म्हणून त्यांचे कारणही करारातच साध्या शब्दांत लिहिले आहे. कारण कळले की माणसे सहसा अट मान्य करतात.

हिशेबाचा एक नियमही आजपासून लागू केला. चित्रीकरण होईपर्यंत आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात राहील. ज्या कामाचा दिवस अजून उजाडलेला नाही, त्याचे पैसे हे उत्पन्न नसून देणे आहे. तारीख रद्द झाली तर त्यातला काही भाग परत करावा लागू शकतो, हे विसरून त्याच पैशात नवी लेन्स घेतली जाते आणि पुढे ओढाताण होते. या व्यवसायात हे फार ठिकाणी पाहिले आहे.

१४ जुलै २०२४

हाताशी काय आहे याची यादी केली. कॅमेरे, लेन्सा, दिवे, कॉलर माइक आणि ध्वनिमुद्रक, रंग अचूक दाखवणारा मॉनिटर, संकलनाचा संगणक, आणि जुन्या लग्नांच्या फुटेजने भरलेल्या हार्ड डिस्क. यादीच्या शेवटी एक गोष्ट लिहिली, ती उपकरण नाही. ज्या कुटुंबांची लग्ने चित्रित केली, त्यांच्या घरातल्या सर्वांत नाजूक दिवशी आपण त्यांच्यात वावरलो आहोत आणि त्यांनी आपल्याला निःसंकोचपणे वावरू दिले आहे. ही ओळख दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात सहज मिळत नाही. नवे काम शोधताना अनोळखी बाजारात शिरण्यापूर्वी या ओळखीतून काय उगवू शकते ते पाहायचे, असे ठरवले.

वस्तूंचे जाहिरात-छायाचित्रण, उपकरणे भाड्याने देणे आणि शिकवणीचे वर्ग हे तीन पर्याय बाजूला ठेवले. पहिल्यासाठी वेगळी प्रकाशयोजना आणि वेगळी जागा लागते. दुसऱ्यात कॅमेऱ्याची झीज आपली आणि लाभ थोडा. तिसरा पर्याय चांगला आहे, पण शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते जोडधंदा म्हणून करू नये, असे माझे मत आहे.

३० जुलै २०२४

इतर चित्रणकारांचे फुटेज संकलित करून देण्याचे काम सुरू केले. दर चित्रपटामागे ठरावीक मोबदला, दुरुस्तीची एक फेरी, आणि साहित्य कसे यावे याचे लेखी नियम: प्रत्येक कॅमेऱ्याचे वेगळे फोल्डर, सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवलेली, ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर आणि तोडमोड न केलेला. या नियमांमुळे संकलनाचा बराच वेळ वाचतो. काम नियमित आहे, परंतु त्याला एक मर्यादा आहे. इतरांचा हंगाम आणि आपला हंगाम एकच असल्याने हे काम हंगामानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येते, पुढे आटते.

१२ ऑगस्ट २०२४

या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची दिशा आज हाती लागली असे वाटते. मागच्या वर्षी जिचे लग्न चित्रित केले होते, ती आपल्या आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट घेऊन आली. घरात ती चालवायला यंत्र नाही. वडील आता हयात नाहीत. तिने एवढेच विचारले, "बाबांचा आवाज तेवढा नीट ऐकू येईल ना?"

अशा कॅसेटी किती घरांच्या कपाटात पडून असतील याचा विचार केला की काम किती आहे आणि वेळ किती कमी आहे, दोन्ही लक्षात येते. व्हीएचएस १९७६ मध्ये आली, आणि घरगुती कॅमेऱ्यांच्या छोट्या कॅसेटींपैकी हाय-८ १९८९ मध्ये आणि मिनी-डीव्ही १९९५ मध्ये. म्हणजे दोन-तीन दशकांची लग्ने चुंबकीय फितीवर नोंदलेली आहेत. फीत जुनी होते, तिच्यावरचा चुंबकीय थर आणि त्याला धरून ठेवणारे चिकट द्रव्य दमटपणाने खराब होते. पण त्याहून मोठी अडचण यंत्रांची आहे. व्हीसीआर, म्हणजे अशा कॅसेटी चालवणारी यंत्रे, बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता सुटे भाग जुन्या यंत्रांतूनच काढावे लागतात आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञही कमी होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने तर २०२५ हीच सीमारेषा मांडली: तोवर ज्या फितींचे डिजिटलीकरण होणार नाही, त्यांतल्या बहुतेक कायमच्या हातच्या जातील. मोठ्या संस्थांच्या संग्रहांबद्दल जे म्हटले गेले, ते घरातल्या कपाटाबद्दल अधिकच खरे आहे, कारण कपाटाची काळजी घ्यायला कोणी नेमलेले नसते.

लग्नाच्या चित्रणकारासाठी हे काम स्वाभाविक आहे. उपकरणांपैकी निम्मी आधीच आहेत, आणि समोर जे दृश्य उमटते आहे त्यातले काय महत्त्वाचे हे आपल्याला कळते.

२६ ऑगस्ट २०२४

जुळवाजुळव पूर्ण झाली. चांगल्या अवस्थेतला एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) प्लेअर, एक हाय-८ कॅमेरा, फायरवायर (संगणकाला थेट डिजिटल नोंद देणारी तार) जोडणीचा मिनी-डीव्ही प्लेअर आणि टाइम बेस करेक्टर. शेवटचे यंत्र महाग असले तरी त्याला पर्याय नाही. व्हीएचएसमध्ये फिरत्या ड्रमवरचे हेड, म्हणजे फीत वाचणारे टोक, फितीला तिरके घासत जाते. सेकंदाला २५ फ्रेमच्या पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. फीत थोडी ताणली गेली असेल किंवा यंत्राची गती किंचित डळमळली तर प्रत्येक रेषेची सुरुवात पुढेमागे सरकते आणि चित्राच्या कडा थरथरतात. टाइम बेस करेक्टर प्रत्येक रेषा क्षणभर साठवून पुन्हा नेमक्या वेळी सोडतो. त्याशिवाय घेतलेली प्रत सुरुवातीला ठीक दिसते, पण कॅप्चर करताना मध्येच फ्रेम गळतात आणि हळूहळू आवाज व चित्र एकमेकांपासून सुटतात.

मिनी-डीव्हीचे तसे नाही. ती मुळातच डिजिटल असल्याने फायरवायरमधून तिची जशीच्या तशी प्रत निघते. एका तासाला साधारण १३ गिगाबाइट लागतात. तिची अडचण वेगळी आहे: ६० मिनिटांच्या फितीवर ९० मिनिटे बसवण्यासाठी एलपी (फीत हळू चालवून जास्त वेळ भरण्याच्या) पद्धतीने नोंद केली असेल तर नोंदीच्या पट्ट्या अरुंद होतात आणि ती फीत कित्येकदा ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच कॅमेऱ्यात नीट चालते. म्हणून कॅसेट घेताना जुना कॅमेरा घरात आहे का, हे विचारायचे. बंद पडलेला असला तरी आणा, असे सांगायचे.

कॅसेट हाताळण्याची पद्धत भिंतीवर लिहून लावली. आल्याबरोबर, पुन्हा नोंद होऊ नये म्हणून तोडायची कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडलेली आहे का ते पाहायचे. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी असते. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालायची नाही, पिशवीत बंद करून वेगळी ठेवायची, कारण बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. थंड जागेतून आलेली फीत खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचे. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेली गुंडाळी मोकळी होते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आडव्या दिशेने आणि हलक्या हाताने पुसायचे. उभे पुसले तर हेडचे टोक तुटू शकते.

९ सप्टेंबर २०२४

त्या पहिल्या कॅसेटचे काम झाले. ध्वनीविषयी इथे सविस्तर लिहिते, कारण मागणी आवाजाचीच होती. व्हीएचएसवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो: फितीच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, आणि हाय-फाय यंत्राने भरलेली असेल तर चित्राखालच्या थरात आणखी एक नोंद असते. हाय-फाय नोंद खूपच स्वच्छ असते, पण ट्रॅकिंग, म्हणजे हेडची फितीवरच्या नोंदीशी जुळणी, जरा ढळले की त्यातून गुरगुर येते आणि बोलणे तुटते. या कॅसेटमध्ये काही ठिकाणी तसे होत होते. म्हणून दोन्ही आवाज वेगवेगळे उतरवून घेतले, ज्या जागी हाय-फाय तुटतो तिथे कडेच्या पट्टीचा आवाज जोडला आणि दोन्हींचा पोत जमेल तितका सारखा केला. खरखर कमी करणारी प्रक्रिया फार थोडी वापरली. ती जास्त वापरली की माणसाच्या आवाजातला श्वास जातो, आणि इथे तर नेमका तोच हवा होता.

मूळ प्रत कशी ठेवायची हेही ठरले. चित्र एफएफव्ही-१ या तोटाविरहित, म्हणजे चित्रातली कोणतीही माहिती न गमावणाऱ्या पद्धतीने साठवायचे. तिचे प्रमाणीकरण २०२१ मध्ये झाले असून संग्रहालयेही ती वापरतात. ही मूळ प्रत इंटरलेस्ड स्वरूपातच, म्हणजे प्रत्येक फ्रेम सम आणि विषम रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डांत) विभागलेली, ठेवायची आणि तिच्यावर कोणताही संस्कार करायचा नाही. पाहण्यासाठीची प्रत वेगळी. तीत सेकंदाच्या ५० फील्डांपासून ५० पूर्ण फ्रेम तयार करायच्या, म्हणजे मूळ हालचालीतला सहजपणा टिकतो. सर्रास केले जाते तसे २५ फ्रेमवर आणले तर नाचणारी माणसे अडखळल्यासारखी दिसतात.

चेहरे 'सुधारणाऱ्या' कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींबद्दल मी निर्णय घेतला आहे. जिथे माहितीच नाही तिथे त्या प्रणाली चेहरा रचतात. तो रेखीव असतो, पण तो त्या माणसाचा नसतो. कुटुंबाने मागितलेच तर स्वतंत्र प्रत, तीही स्पष्ट खुलासा लिहून. मूळ प्रतीला हात नाही.

दर कॅसेटच्या संख्येवर न ठेवता प्रत्यक्ष चालण्याच्या तासांवर ठेवला, आणि तपासणी व साफसफाईचे शुल्क वेगळे. फीत ज्या वेगाने भरली त्याच वेगाने उतरते, त्यात घाई करता येत नाही. मात्र त्या वेळात यंत्राकडे लक्ष ठेवून शेजारच्या संगणकावर संकलन चालू ठेवता येते. त्यामुळे हे काम हंगामातही थांबवावे लागणार नाही. बारमाही उत्पन्नाच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

१ ऑक्टोबर २०२४

दुसरी दिशा: ज्येष्ठांच्या आठवणींचे चित्रपट. आमच्या लग्नाच्या चित्रपटांतून आजी-आजोबा काही क्षण दिसतात, आशीर्वाद देतात, डोळे पुसतात; बोलताना क्वचितच दिसतात. ज्या घरांत चित्रपट पोचवला, त्यांतल्या काहींना विचारले की घरातल्या वडीलधाऱ्यांशी निवांत बोलून त्याचा एक चित्रपट करावा का. अपेक्षेपेक्षा उत्सुकतेने उत्तरे आली.

पहिल्या काही मुलाखतींनंतर पद्धत अशी स्थिरावली आहे. दोन कॅमेरे, एक छातीपर्यंतच्या चौकटीत आणि एक हातांसह थोडा दूर, म्हणजे वाक्य मध्ये कापायचे झाले तर दृश्य बदलून कापता येते. प्रकाश खिडकीचा, एका बाजूने. कॉलर माइक लावून आणि दुसरा माइक चौकटीच्या बाहेर वर टांगून, कारण शालीचा किंवा साखळीचा स्पर्श कॉलर माइकला कधीही बिघडवू शकतो. बोलणे सुरू होण्यापूर्वी खोलीचा नुसता शांत आवाज अर्धा मिनिट नोंदवायचा. संकलनातील जोड लपवायला तो लागतो. पंखा आणि फ्रिज बंद करायचा, आणि निघताना फ्रिज चालू करायची आठवण राहावी म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, ही सहायकाची युक्ती उत्तम आहे.

प्रश्नांबद्दल बरेच शिकायला मिळाले. "तुमचे आयुष्य कसे गेले?" या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकत नाही. "लहानपणी ज्या घरात राहत होतात, त्याच्या दारातून आत आल्यावर काय दिसायचे?" या प्रश्नाला प्रत्येकजण उत्तर देतो आणि त्या दारातून पुढे सगळे घर, घरातली माणसे, त्यांची भांडणे आणि मदती येत जातात. जुना फोटो हातात दिला की नजर कॅमेऱ्यावरून हटते आणि बोलणे मोकळे होते. उत्तर संपले असे वाटल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. बहुतेक वेळा थोड्या शांततेनंतर जे वाक्य येते, ते आधीच्या सगळ्या उत्तरापेक्षा मोलाचे असते. तासाभरानंतर माणूस थकू लागतो. तिथे थांबायचे आणि हवे तर दुसऱ्या दिवशी यायचे.

एक काळजी आवर्जून घ्यायची. बोलणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलेली एखादी गोष्ट नंतर काढून टाकायला सांगितली, तर ती चित्रपटातूनही काढायची आणि साठवलेल्या मूळ फुटेजमधूनही. मुलांनी पैसे दिलेले असले तरी हा हक्क बोलणाऱ्याचाच आहे, असे करारात लिहिले आहे.

कुटुंबाला दोन गोष्टी दिल्या जातात: वीसेक मिनिटांचा संकलित चित्रपट आणि संपूर्ण मुलाखत. हे काम कोणत्याही महिन्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशीही करता येते. मला त्यात लग्नाइतकाच आनंद मिळतो, हेही नोंदवून ठेवते, कारण जे काम केवळ रिकामा महिना भरण्यासाठी केले जाते ते दुसऱ्या वर्षी टिकत नाही.

२१ ऑक्टोबर २०२४

एका प्रशिक्षण संस्थेशी आणि एका छोट्या कार्यशाळेशी मासिक करार झाला. महिन्यातून एकदा अर्ध्या दिवसाचे चित्रीकरण आणि त्यातून चार छोटे व्हिडिओ. रक्कम मोठी नाही, पण ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते, आणि स्टुडिओचे भाडे याच रकमेतून निघावे असा हिशेब बसवला आहे.

लग्नाच्या कामापेक्षा इथे तीन बाबतींत सावध राहावे लागते. मान्यता देणारी व्यक्ती एकच असावी आणि तिचे नाव करारात असावे. प्रत्येक दृश्य आडव्या आणि उभ्या, दोन्ही चौकटींत बसेल असे घ्यावे, आणि बोलण्याची अक्षरे पडद्यावर यावीत, कारण असे व्हिडिओ अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात. तिसरी बाब संगीताच्या परवान्याची. खासगी लग्नाच्या चित्रपटासाठी घेतलेला परवाना व्यावसायिक प्रचाराला चालतोच असे नाही. गीताच्या रचनेचा हक्क आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क हे दोन वेगळे हक्क असतात, आणि दोन्ही मोकळे आहेत हे परवान्यात लिहिलेले असल्याशिवाय तो तुकडा वापरायचा नाही.

१८ नोव्हेंबर २०२४

हंगाम सुरू झाला. मासिक करारांची चित्रीकरणे आठवड्याच्या मधल्या दिवसांवर आणली. मुलाखती फेब्रुवारीपर्यंत घ्यायच्या नाहीत, फक्त नोंदणी करायची. कॅसेटी चालू राहतील.

२३ डिसेंबर २०२४

साठवणुकीचा प्रश्न निकाली काढला. तीन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी सहा तास, सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केले तर तासाला ४५ गिगाबाइट, म्हणजे एका लग्नाचे सुमारे ८१० गिगाबाइट होतात. ध्वनी आणि संकलनाच्या फाइली वेगळ्याच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, पाळायचा तर हा आकडा तिप्पट होतो. आजवर हा सगळा खर्च आमच्याकडेच राहत होता, आणि फुटेज किती काळ जपले जाईल हे कोणत्याही कागदावर नव्हते.

नव्या करारानुसार चित्रपट सुपूर्द केल्यापासून एक वर्ष मूळ फुटेज विनाशुल्क जपले जाईल. त्यानंतर कुटुंबाने ते स्वतःच्या डिस्कवर घेऊन जावे, किंवा अल्प वार्षिक शुल्कात आमच्याकडे ठेवावे. शुल्काच्या बदल्यात आम्ही वर्षातून एकदा प्रत्येक फाइलची चेकसम (फाइल बिघडली तर बदलणारा तपासणीचा आकडा) जुळवून पाहतो आणि डिस्क जुनी होण्याआधी बदलतो. प्रत्येक कुटुंबाकडून येणारी रक्कम थोडी असली तरी ती कोणत्याही हंगामाला बांधलेली नाही, आणि वर्षागणिक वाढणारी आहे. जुन्या कुटुंबांना मात्र कोणतेही फुटेज काढून टाकण्याआधी पुरेशा मुदतीचे पत्र गेलेच पाहिजे. कोणाच्याही घरातली एकमेव नोंद आमच्या हिशेबापायी नाहीशी होऊ नये.

१० फेब्रुवारी २०२५

जपून ठेवलेल्या फुटेजमधूनच आणखी एक काम निघाले. लग्नाच्या पाचव्या किंवा दहाव्या वाढदिवसाला नव्याने संकलित केलेला चित्रपट. लग्नाच्या वेळी जोडप्याला स्वतःचा प्रवेश, नृत्य, सजावट पाहायची असते. काही वर्षांनी त्यांना पाहायचे असतात ते लोक. मागच्या रांगेत बसलेले काका, धावणारी मुले, आता नसलेली आजी. पहिल्या चित्रपटात ज्यांना जागा मिळाली नव्हती अशी किती दृश्ये मूळ फुटेजमध्ये पडून आहेत, हे पाहताना जाणवले की यापुढे चित्रीकरण करतानाही पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा थोडा अधिक वेळ ठेवायला हवा. सहायकाला तशी सूचना दिली आहे.

यासाठी नवे चित्रीकरण लागत नाही, आणि वाढदिवसाच्या तीन महिने आधी पत्र पाठवले की काम शांत महिन्यांत करून ठेवता येते.

३१ मार्च २०२५

बिगरहंगामी लग्नांना सवलत द्यावी का, यावर सहायकाशी चर्चा झाली. त्याचे म्हणणे रास्त होते की रिकाम्या दिवसापेक्षा कमी दराचे काम बरे. तरीही दर कमी न करता कामाची व्याप्ती लहान करण्याचे ठरले: एक कॅमेरा, चार तास, फक्त विधी आणि भाषणे, आणि लहान चित्रपट. त्याच कामाचा दर केवळ महिना वेगळा म्हणून उतरवला, तर हंगामातल्या जोडप्यांना आपल्याकडून जास्त घेतले असे वाटेल, आणि ते चूकही नसेल.

१६ जून २०२५

वर्षाची वही पुन्हा त्याच दोन स्तंभांत मांडली. लग्नांतून येणारा पैसा अजूनही एकूण उत्पन्नातला सर्वांत मोठा भाग आहे आणि तो तसाच असावा. परंतु तो आता पसरला आहे. झलक आणि पूर्ततेचे हप्ते जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पुरतील असे दिसते. ऑक्टोबरनंतर एकही महिना स्थिर खर्चाच्या खाली गेला नाही. मागच्या जुलै आणि ऑगस्टमध्ये तूट होती, कारण तेव्हा नवे करार अजून लागू झालेले नव्हते.

नव्या कामांत कॅसेटींचे काम सर्वांत पुढे आहे, त्याखालोखाल मासिक करार. मुलाखतींतून आवक मध्यम आहे, पण मुलाखत घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कॅसेटींचे किंवा साठवणुकीचे काम आले आहे, त्यामुळे तिचे मोल नुसत्या रकमेवरून ठरवता येणार नाही. इतरांच्या संकलनाचे काम पुढच्या वर्षी फक्त दोन परिचित चित्रणकारांपुरते ठेवायचे.

पुढील वर्षासाठी तीन निर्णय. दुसरा एस-व्हीएचएस प्लेअर, सुट्या भागांसाठी का होईना, आत्ताच घेऊन ठेवायचा, कारण तो मिळण्याची शक्यता दरवर्षी घटणार आहे. बुरशी लागलेल्या कॅसेटींसाठी वेगळे यंत्र आणि वेगळी जागा उभी करायची. आतापर्यंत त्या परत पाठवाव्या लागल्या, आणि त्याच कॅसेटींना वाट पाहण्याची सर्वांत कमी मुभा आहे. तिसरा निर्णय सहायकाविषयी: त्याचा पगार हंगामाबाहेर अर्धा होत असे, तो या जुलैपासून बाराही महिने पूर्ण राहील. कॅसेटी उतरवण्याची संपूर्ण जबाबदारी त्याच्याकडे दिली असून पहिल्या तुकडीची तपासणी सोमवारी सुरू होईल.